वेळ उरला तर

माझ्या भाच्याच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणारा माणूस माझ्यापासून चार हातांवर पडला, तेव्हा आधी मला वाटलं, नाचणाऱ्या पोरांच्या पायांत अडकून पडला असेल. मे महिना होता. लग्न धुळ्याच्या पलीकडे, शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि आमची वरात नेहमीसारखी उशिरा निघालेली. नवरदेव मारुतीच्या पाया पडून मांडवाकडे वळला तेव्हा एक वाजून गेला होता. डांबर चपलेला चिकटत होतं.

बॅन्डवाल्यांच्या अंगात जाड मरून रंगाचे कोट होते. गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोप्या. मी नवरदेवाची मावशी. वयाची पंचावन्न उलटली तरी लग्नात मावशीला नाचावं लागतं, आणि मला ते आवडतंही. मांडव पन्नास पावलांवर आला तसा ट्रम्पेटवाला थांबला आणि त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मी त्याला म्हटलं, "मास्तर, आणखी एक होऊ द्या. जरा जोरात."

त्यानं मान हलवली. नाही म्हणायची नव्हे, हो म्हणायची. ट्रम्पेट तोंडाला लावलं. गाणं निम्मं झालं असेल, तो पडला.

कुणीतरी जारमधलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. कुणीतरी त्याचा कोट काढायला लागलं, पण बटणं घट्ट होती. त्याला पाहुण्यांच्या गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. बाकीच्या बॅन्डनं दोन-चार मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि मग ढोलवाल्यानं ठेका धरला. मुहूर्त तर टळलाच होता, आणखी किती टाळणार? पंधरा मिनिटांत मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या. वरण-बट्टी, वांग्याची भाजी जेवले. चारच्या सुमाराला कळलं की तो रस्त्यातच गेला होता.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं. आणि आणखी एक. मी जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि कित्येक वर्षांपासून एका संस्थेसाठी भाषांतरं करते. संस्था हवामानबदलावर काम करते. जगभरचे करार, त्यांचे मसुदे, अहवाल यांतलं जे आपल्या लोकांना कळायला हवं ते मी मराठीत आणते. त्या लग्नाच्या आधीच्याच महिन्यात मी त्यांचं एक पत्रक मराठीत केलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'दुपारी बारा ते चार या वेळेत उन्हात श्रमाचं काम करू नका.' ते वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

दोन महिने मी काहीच केलं नाही. जुलैत एका रविवारी सकाळची धुळ्याची बस धरली, पारोळ्यावरून धुळं, तिथून दुसरी बस. गावात विचारत विचारत त्याच्या घरी गेले. घर लहान, पुढे ओटा, ओट्यावर त्याची बायको डाळ निवडत बसलेली. चाळिशीची असेल. गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवते. मी काय बोलायचं ते बसमध्ये चार वेळा ठरवलं होतं. तिनं मला पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिली आणि म्हणाली, "तुम्ही त्या लगीनमा व्हतात ना, अक्का?"

मी म्हटलं, "हो. मीच त्यांना आणखी एक गाणं वाजवायला सांगितलं."

तिनं डाळीचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. ती म्हणाली, "बठ्ठेच सांगतस." सगळेच सांगतात. मग तिनं मला पाणी दिलं.

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, त्यामुळे तिची अहिराणी मला पुरती कळते, बोलायला मात्र आता जीभ वळत नाही. ती अहिराणीत बोलायची, मी मराठीत. तिची मुलगी धुळ्याला बी.एस्सी. करते. ती दोघींच्या मध्ये बसून दोन्ही भाषा बोलायची.

त्या दिवशी मुलीनं मला एक कागद दाखवला. मृत्यूचं कारण: हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. अंगाचा ताप कुणी मोजला नव्हता. शवविच्छेदन झालं नव्हतं, कारण घरच्यांनी नको म्हटलं होतं. कारण त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की त्याविना उन्हानं मेलेला माणूस उन्हानं मेला असं धरत नाहीत. बाई सरकारी मदत मागायला तहसिलीत जाऊन आली होती. तिथल्या साहेबांनी कागद वाचून परत दिला. "यात उष्माघात कुठंय?" असं विचारलं, म्हणाली.

"सगळ्यांचीच हृदयक्रिया बंद पडते ना, मॅडम, मरताना?" मुलगी मला म्हणाली. मी इंग्रजीची प्राध्यापक. मी तो कागद वहीत उतरवून घेतला.

त्याच वर्षी संस्थेनं ठरवलं की उन्हामुळे ज्यांचं माणूस गेलं किंवा काम गेलं त्यांच्या हकिगती गोळा करायच्या आणि जगाच्या वाटाघाटींत नेऊन मांडायच्या. वर्षअखेरीला मोठी परिषद भरते, तिची तयारी म्हणून जूनमध्ये युरोपात एक बैठक असते. तिथे आमच्यासारख्या संस्थांना निरीक्षक म्हणून बसता येतं. मी संस्थेला हिचं नाव सुचवलं. तिनं स्वतः जावं, स्वतःच्या तोंडानं सांगावं, मी शेजारी बसून इंग्रजी करीन. खरं सांगायचं तर त्यात माझा स्वार्थ होता. मला काहीतरी फेडायचं होतं आणि दुसरा काही रस्ता दिसत नव्हता.

मी हे सांगायला गेले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तठे गावना पाटील कोण शे?"

"पाटील कुणीच नाही," मी म्हटलं. "जवळजवळ दोनशे देश आहेत. एक अध्यक्ष असतो, पण तो फक्त बैठक चालवतो."

"मंग फैसला कोण करस?"

"सगळे मिळून. हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं तरच ठरतं. एकानं जरी नाही म्हटलं तर अडतं."

तिनं मुलीकडे पाहिलं. "बठ्ठासनी हा म्हनाले पाहिजे? मंग ते व्हयनंच!"

आम्ही तिघी हसलो. मग मी तिला जमेल तसं समजावलं. आता जो करार आहे त्यात प्रत्येक देश आपला आपण कागद लिहून देतो, की आम्ही इतका धूर कमी करू. काही वर्षांनी पुन्हा लिहायचा आणि आधीपेक्षा जास्त लिहायचा.

"आणि नाही केलं तर?" मुलीनं विचारलं.

"तर बाकीचे विचारतात, का नाही केलं."

"दंड?"

"नाही."

"पोलीस, कोर्ट, काहीच नाही?"

"यासाठी नाही. दंड ठेवला असता तर पुष्कळांनी सहीच केली नसती. म्हणून असा केला, की सगळे आत राहावेत."

मुलगी हुशार. ती म्हणाली, "मग आईनं तिथे जाऊन काय होणार?"

मी तिला खरं ते सांगितलं. ज्यांचं जे गेलं त्याची भरपाई कुणी करायची यावर तिथे गेली कित्येक वर्षं भांडण आहे. आता त्यासाठी एक निधी झाला आहे. पण त्यातून एकेका माणसाला पैसे मिळत नाहीत. देश अर्ज करतो, योजना मांडतो, मग त्यातून कुठे काही खाली येतं. त्यात कशाकशाला नुकसान म्हणायचं, हे अजून ठरतंय. उन्हानं मेलेली माणसं त्यात नीट मोजली जावीत म्हणून सांगायला जायचं.

माझ्या भाषांतरात त्यासाठी दोन शब्द आहेत, 'हानी' आणि 'नुकसान'. बाईनं विचारलं, दोन कशाला? मी म्हटलं, नुकसान म्हणजे जे पुन्हा उभं करता येतं, घर, पूल, पीक. हानी म्हणजे जे परत येत नाही. तिनं ते ऐकून घेतलं आणि समोरची डाळ निवडायला लागली.

जानेवारीत तिनं आपणहून एक गोष्ट केली. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. तिनं मागणी केली, की गावात एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार वरात काढायची नाही, असा ठराव करा. मी मुद्दाम गेले होते. बायका थोड्या, पुरुष बरेच. कुणी तिला विरोध केला नाही. सगळ्यांना तिचा नवरा माहीत होता. पण एक आबा म्हणाले, मुहूर्त का आपल्या हातात असतो? दुसरे म्हणाले, पाहुणे लांबून येतात, त्यांना परत जायचं असतं. बॅन्डचा मालक तिथेच होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या गावानं बंद केलं तर सुपारी शेजारच्या गावाच्या बॅन्डला जाईल. पोरं तिकडे जाऊन वाजवतील. ऊन तेच." तेही खोटं नव्हतं. शेवटी ग्रामसेवकानं ठराव लिहिला: 'दुपारच्या वेळी शक्यतो वरात काढू नये.' ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. बाईनं बाहेर आल्यावर मला विचारलं, शक्यतो म्हणजे काढायची का नाही काढायची?

पासपोर्टला चार महिने लागले. आधारवर तिचं नाव एक, रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. तिच्या मुलीनं प्रतिज्ञापत्रं केली, धुळ्याला खेपा घातल्या. पासपोर्ट आला त्या दिवशी गल्लीतल्या बायका तो पाहायला आल्या. मग आम्ही तिघी मुंबईला व्हिसाच्या कचेरीत गेलो. तिनं बोटांचे ठसे दिले, फोटो दिला. संस्थेचं पत्र, बैठकीचं निमंत्रण, सगळं जोडलेलं होतं.

मेच्या अखेरीला उत्तर आलं. छापील कागद, त्यात कारणांची यादी आणि एका कारणापुढे खूण. 'दिलेल्या मुदतीत परत जाण्याचा तुमचा इरादा आहे याची खात्री पटली नाही.' तिच्या नावावर जमीन नाही, पगाराची नोकरी नाही. मी फोनवर ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "मी तठे काबर राहसू, अक्का? मनी पोर आठे शे." मी तिथे कशाला राहीन, माझी पोर इथे आहे.

अपील करायला वेळ नव्हता. माझा व्हिसा झाला होता, कारण मला पगार आहे आणि जळगावात फ्लॅट आहे. संस्थेनं म्हटलं, तुम्ही जा, तिची हकिगत तुम्ही मांडा. निघायच्या आधी मी तिला भेटायला गेले. तिनं नवऱ्याचा एक फोटो दिला, बॅन्डच्या कोटातला. आणि एकच मागणं मागितलं. "त्यासनं नाव एकदा तठे ल्या. दुसरं काही नको माले."

मी हो म्हटलं. नाव घ्यायला काय लागतं?

ते शहर नदीकाठी आहे, झाडांनी भरलेलं, जूनमध्ये अंगात स्वेटर घालावा लागेल असं. बैठकीची इमारत एवढी मोठी, की पहिले दोन दिवस मी खोल्याच शोधत होते. गळ्यात निरीक्षकाचा बिल्ला. खोलीत लांब टेबलं, त्यांवर देशांच्या नावाच्या पाट्या, आणि आमच्या खुर्च्या मागच्या भिंतीला लागून. भिंतीवरच्या पडद्यावर मसुदा दिसतो. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात टाकतात. मी आयुष्यभर कागद वाचले, पण असा कागद पहिल्यांदा पाहिला. ओळीच्या ओळी कंसात. कंसात कंस. विकसित देश मदत [देतील] [देऊ शकतील] [देण्याचा विचार करतील]. यावर दीड तास गेला. कुणी आवाज चढवला नाही. सगळे एकमेकांचे आभार मानून बोलत होते. मला त्या ग्रामसेवकाचा 'शक्यतो' आठवत होता. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला त्या लोकांचा रागही येईना. थकलेली, डोळे लाल झालेली माणसं होती. आपल्या देशाकडून जेवढं बोलायची परवानगी घेऊन आली होती तेवढंच बोलत होती.

कॉफीच्या रांगेत एका लहानशा बेटावरच्या देशाची तरुण मुलगी माझ्यापुढे उभी होती. मी तिला विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, "आम्ही दोघंच आलोय. आत्ता सहा खोल्यांत बैठका चालू आहेत. कुठल्या चार सोडायच्या ते रोज सकाळी ठरवतो." तिच्या हातात पाव होता, तो तिनं चालता चालताच खाल्ला आणि एका खोलीत शिरली. तिच्या मागोमाग मीही जायला लागले, तर दारातल्या माणसानं नम्रपणे थांबवलं. हे सत्र आता फक्त देशांसाठी आहे.

निरीक्षकांना बोलायला एक जागा होती, पहिल्या आठवड्याच्या शेवटच्या सर्वसाधारण सभेत. तेही एकेकट्याला नाही. आमच्यासारख्या संस्थांचे गट केलेले असतात, प्रत्येक गटाला दोन मिनिटं. आमच्या गटातून तिघं बोलणार होतो. माझ्या वाट्याला चाळीस सेकंद आले. मी जळगावहून जे दोन पानी निवेदन नेलं होतं, ते गटाच्या समन्वयक बाईंनी माझ्याबरोबर बसून कापलं. त्या भल्या होत्या. प्रत्येक वाक्य कापताना 'सॉरी' म्हणत होत्या. वरात गेली, कोट गेला, तहसील गेली. नाव आलं तसं त्या म्हणाल्या, "इथे व्यक्तीचं नाव घेत नाहीत. शिवाय त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी लागेल." मी म्हटलं, घरच्यांनीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, लेखी आहे का?

नव्हती. मी मनाशी ठरवलं, कागदावर नसलं तरी मी बोलताना घेईन. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खोलीवर घड्याळ लावून पाहिलं, तीन सेकंद लागत होते. माईक बंद करायच्या आत होऊन जाईल.

सभा दुपारी सुरू झाली. आपल्याकडच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळ. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: निरीक्षक गटांची निवेदनं, वेळ उरला तर. आधी देशांचे गट बोलले, मग एकेक देश. प्रत्येकाला तीन मिनिटं होती, प्रत्येकानं पाच घेतली. माझ्या हातात कागद होता. सहा वाजायला दहा मिनिटं असताना अध्यक्षांनी सांगितलं, की दुभाष्यांची वेळ संपत आली आहे. दुभाष्यांविना सभा चालवता येत नाही. राहिलेल्या सर्वांनी आपली निवेदनं लेखी द्यावीत, ती संकेतस्थळावर टाकली जातील. त्यांनी आमच्या सहनशीलतेबद्दल आभार मानले. हातोडा वाजला. लोक उठून बॅगा आवरायला लागले.

मी स्वतः भाषांतर करणारी. दिवसभर दोन भाषांत बोलून डोकं कसं होतं ते मला कळतं. त्या काचेमागच्या माणसांना मी कशी दोष देऊ? मी बसून राहिले. माझ्यापुढच्या टेबलावर माईक होता. तो बंद होता. मला एकदा वाटलं, उठून नुसतंच मोठ्यानं नाव घ्यावं. नाही घेतलं. मी तशी बाई नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आले तोच फोन वाजला. व्हिडिओ कॉल. ओट्यावर बाई बसलेली, मागे गल्लीतल्या पाच-सहा बायका, एकीच्या कडेवर मूल. सगळ्या पडद्यात मावायला बघत होत्या. मुलगी फोन धरून होती.

"अक्का, नाव लिधं का?" बाईनं विचारलं.

मी त्या बायकांकडे पाहिलं. म्हटलं, "हो. घेतलं."

"बरं," ती म्हणाली. मागच्या बायका काहीतरी बोलल्या. मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, इथे आवाज फार आहे, नंतर बोलते. आवाज काही नव्हता. कॉरिडॉर रिकामा झाला होता.

पुढचा आठवडा मी काय केलं ते मला फारसं आठवत नाही. शेवटच्या दिवशी तो परिच्छेद कंसांसकट पुढच्या बैठकीकडे ढकलला गेला. 'विचारविनिमय चालू ठेवावा.' त्यावर मात्र पटकन एकमत झालं.

परत आल्यावर चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. जून संपत आला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. बस उकळत होती. शाळा सुरू झाली होती, बाई खिचडीची भांडी घासून नुकतीच आली होती. मी ओट्यावर बसले आणि पाणी प्यायच्या आधीच सांगितलं, "मी खोटं बोलले. मला बोलायलाच मिळालं नाही. नाव घेतलं नाही."

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली.

मुलीनं खाली मान घातली होती. मग तिनं सांगितलं. ती सभा इंटरनेटवर थेट दाखवत होते. तिनं संध्याकाळपासून फोन लावून ठेवला होता, गल्लीतल्या बायका तेवढ्यासाठीच जमल्या होत्या. कॅमेरा एकदा मागच्या रांगेवरून फिरला तेव्हा मी त्यांना दिसले होते, हातात कागद घेऊन बसलेली. हातोडा वाजला तो त्यांनी ऐकला. मुलीनं आईला सांगितलं, की संपलं, मॅडमना बोलू दिलं नाही. तरी आई म्हणाली, फोन लाव.

"मग मला विचारलं कशाला?" मी म्हटलं.

बाई पदराला हात पुसत होती. "बठ्ठ्या बायका व्हत्यात ना. त्यास्नासाठे इचारं. आणि तुम्ही लई थकेल दिखत व्हतात."

तिची माफी मागायला गेले होते आणि ती मला सावरत होती. तिनं चहा टाकला.

चहा पिताना मुलीनं फोनवर ते संकेतस्थळ उघडलं. आमच्या गटाचं निवेदन तिथे होतं, शेकडो कागदांच्या यादीत. तिनं ते शोधून काढलं आणि आईला एकेक वाक्य अहिराणीत सांगायला लागली. दुसऱ्या परिच्छेदात होतं: 'अर्ध-शुष्क जिल्ह्यातील असंघटित क्षेत्रातील एक कामगार, कामाच्या दरम्यान, अतिउष्णतेच्या परिणामी.' मुलीनं ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा आईला कळलं नाही.

"हाऊ कोण शे?" बाईनं विचारलं.

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "तेच आहेत."

बाईनं फोन हातात घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, पान वर सरकलं, ओळ गेली. मुलीनं ती पुन्हा आणून दिली. बाईनं ती बोटानं धरून ठेवली. मग म्हणाली, "त्यास्ले बाजा वाजाडता येत व्हता, हाई तरी लिखतात." त्यांना बाजा वाजवता येत होता, हे तरी लिहायचं.

मी जे कापू दिलं होतं त्यात तेच पहिलं वाक्य होतं.

त्यानंतर वर्षअखेरची मोठी परिषद झाली. तिथले कागद माझ्याकडे भाषांतराला आले. तो परिच्छेद त्यात होता, कंस निघाले होते आणि कंसांबरोबर बरेचसे शब्दही. उरलेल्याचं मी मराठी केलं. चांगलं केलं. एका वाक्यासाठी दोन दिवस घालवले, कारण मूळ इंग्रजीतच ते असं बेतलेलं होतं की कुणी काय करायचं ते त्यातून निघू नये, आणि तसंच न निघणारं मराठी लिहिणं सोपं नसतं. माझे विद्यार्थी विचारतात, मॅडम, याचा उपयोग होतो का? मी म्हणते, हे करार नसते तर याहून वाईट झालं असतं. ते खरं आहे असं मला वाटतं. पण ते बाईच्या ओट्यावर बसून मला म्हणता येत नाही.

आता एवढ्यात, एप्रिलमध्ये, तिनं मला फोन केला. तहसिलीत साहेब बदलले आहेत, पुन्हा एकदा अर्ज द्यायचा आहे, तुम्ही लिहून द्याल का? मी लिहिला. मराठीत, साध्या वाक्यांत. त्यात वरात लिहिली, वेळ लिहिली, कोट लिहिला, आणि मी स्वतः तिथे होते हेही लिहून खाली सही केली. आम्ही दोघी तो घेऊन गेलो. नवे साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज उभ्या उभ्या नाही, बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता खिडकीजवळचा कूलर हातानं ओढून बाईच्या दिशेला वळवला.

"खरंय सगळं," ते म्हणाले. "पण दाखल्यावर जे लिहिलंय ते मला बदलता येत नाही. डॉक्टरांना बदलता येणार नाही, कारण तपासणीच झालेली नाही. मी हा वर पाठवतो. वरूनही हेच येईल, मी तुम्हाला खोटी आशा देत नाही."

"पाठवा," बाई म्हणाली.

त्यांनी पोचेचा शिक्का मारून दिला. बाईनं तो कागद चार घड्या करून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवला. आम्ही बाहेर आलो. साडेअकरा वाजले होते. स्टँडवर सावली पलीकडच्या भिंतीला तेवढी होती, तिथवर आम्ही डोक्यावर पदर घेऊन चालत गेलो आणि धुळ्याच्या बसची वाट पाहत उभ्या राहिलो.